पोर्तुगालमध्ये राहून दूरचं (रिमोट) काम: घर निवडताना

आधी लिस्बनचा हट्ट सोडा; तिथलं भाडं पगार गिळतं. मी राहते कुइंब्रात. विद्यापीठाचं गाव, इंटरनेट वेगवान, लिस्बनची आगगाडी हाताशी. ब्रागाही चालेल.

व्हिसा मागायचा तो डी-8, म्हणजे असं दूरचं काम करणाऱ्यांसाठीचा. काम पोर्तुगालबाहेरच्या कंपनीचं हवं आणि दरमहा उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट. 2025 मध्ये किमान वेतन 870 युरो होतं, म्हणजे 3480 युरो दाखवावे लागत. हा आकडा दरवर्षी वाढतो, अर्जाआधी ताजा बघा. एनआयएफ हा करक्रमांक लवकर काढा; भाडेकरार, बँक, सगळं त्यावर अडतं.

आता घर. उन्हाच्या फोटोंना भुलू नका. इथल्या जुन्या घरांत बहुधा हीटिंग नसतं, आणि जानेवारीत बाहेरपेक्षा आत जास्त गारठा वाटतो. म्हणून खिडक्यांना दुहेरी काच आहे का विचारा, कपाटामागची भिंत हाताने चाचपा, बुरशीचा वास घ्या. दक्षिणमुखी खोली मिळाली तर सोडू नका. (वास्तुशास्त्रवाल्या मावशीला सांगू नका!) ओलावा शोषणारं यंत्र घ्याच. करार करखात्यात नोंदवणार का, हे मालकाला आधीच विचारा. टाळाटाळ केली तर पुढचं घर बघा.

भारतातल्या टीमबरोबर काम असेल तर उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक धरा. त्यांची दहाची मीटिंग तुमच्या पहाटे येते. बारा महिन्यांत 183 दिवसांहून जास्त राहिलात तर करासाठी तुम्ही इथले रहिवासी ठरता. सीएशी निघण्यापूर्वीच बोला.