आल्सासच्या वाइन शिकायच्या तर आधी साखर शोधा

हॉटेल मॅनेजमेंट करून फ्रान्सला सोमेलिए, म्हणजे रेस्टॉरंटमधला वाइनचा जाणकार, व्हायला निघालेली मुलं-मुली मला दोनच प्रश्न विचारतात. कुठलं पुस्तक वाचू? आणि कुठली वाइन कशाबरोबर जाते याचा तक्ता आहे का? पुस्तक कुठलंही चालेल. तक्ता असेल तर फाडून टाका. ‘माशाबरोबर व्हाइट, मटणाबरोबर रेड, तिखटाबरोबर गेवुर्त्स (गेवुर्त्सट्रामिनर द्राक्षाची सुगंधी व्हाइट)’ एवढ्या भांडवलावर इथे पहिल्याच आठवड्यात तोंडावर पडायची वेळ येते.

द्राक्षांच्या जाती, टॅनिन, ॲसिडिटी, डब्ल्यूएसईटी या वाइनच्या कोर्सच्या दुसऱ्या लेव्हलपर्यंतचं सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते. ते येत असूनही गाडी अडते, कारण प्रत्येक प्रदेशातली एकेक बाटली चाखून पुढे पळायची आपल्याला सवय लागलेली असते. माझं मत जरा हट्टी वाटेल: एकच वाइनरी धरा आणि तिच्या सगळ्यात स्वस्त बाटलीपासून सगळ्यात महागापर्यंत चढत जा. मी स्ट्रासबूर्गच्या एका रेस्टॉरंटमध्ये काम करते, त्यामुळे आल्सास हा इथला प्रदेश आपसूक पदरात पडला. त्यातही मी त्रिम्बाक ही वाइनरी धरली.

हे घराणं १६२६ पासून वाइन करतंय. आज त्यांचा कारभार रिबोविले गावातून चालतो. पश्चिमेला व्होज पर्वत पाऊस अडवतो, म्हणून कोलमारच्या आसपासचा हा पट्टा फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी एक आहे. द्राक्षं निवांत पिकतात, साखर भरपूर धरतात. ती सगळी साखर आंबवून संपवायची की थोडी वाइनमध्ये ठेवायची, हा ज्याच्या त्याच्या तळघरातला निर्णय. त्रिम्बाकचा निर्णय ठरलेला आहे: कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली, ताठ वाइन. मॅलोलॅक्टिकही, म्हणजे वाइनमधलं तीव्र आम्ल सौम्य करणारी दुसरी आंबवण, ते होऊ देत नाहीत, त्यामुळे हिरव्या सफरचंदासारखी धार शाबूत राहते. शिकणाऱ्यासाठी हे फार सोयीचं. मापाची पट्टी एकदा पक्की झाली की बाकीच्यांची वाइन त्यावर लावून बघता येते.

सुरुवात साध्या रीसलिंगपासून (त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट) करा आणि सोबत शुक्रूत मागवा. आंबवलेला कोबी, धुरावलेलं डुकराचं मांस, सॉसेज, बटाटे. इथे कोबीची स्वतःची आंबट चव हा कळीचा मुद्दा आहे. ताटातलं आंबट वाइनची ॲसिडिटी जिभेवर कमी करतं. वाइन मुळातच मऊ असेल तर कोबीपुढे ती पाण्यासारखी लागते. रीसलिंग मात्र कोबीला पुरून उरतं, वर सॉसेजची चरबीही कापतं. एक घोट आधी, एक घास, मग पुन्हा घोट असं करून बघा. दुसऱ्या घोटाला वाइन गोलाई आल्यासारखी लागेल. हे एकदा जिभेला कळलं की परीक्षेत त्यावरचं उत्तर पाठ करावं लागत नाही.

मग क्युवे फ्रेदेरिक एमिल. हीसुद्धा रीसलिंगच, पण गाइसबेर्ग आणि ओस्टरबेर्ग या दोन ग्रां क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, उतारांवरची, आणि कितीतरी वर्षं बाटलीत मुरवून मग बाजारात येणारी. लेबलवर ‘ग्रां क्रू’ नाही म्हणून नवखे लोक हिला दुय्यम समजतात. तसं समजू नका. लोण्याच्या सॉसमधला मासा, क्रीममध्ये शिजलेला कोंबडा, म्हणजे इथला ‘कोक ओ रीसलिंग’, अशी ताटं ही पेलते. जुन्या बाटलीतून रॉकेलसारखा वास आला तर घाबरून बाटली परत पाठवू नका. मुरलेल्या रीसलिंगचा तो स्वभाव आहे, टीडीएन नावाच्या संयुगामुळे येतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर गोष्ट वेगळी, तो बुचाचा दोष.

सगळ्यात वर क्लो सँत युन. उनाविर गावातल्या रोझाकेर ग्रां क्रूमधला जेमतेम १.६७ हेक्टरचा तुकडा, आणि १९१९ पासून या नावाने येणारी वाइन. ही विकत घेऊन शिकायच्या फंदात पडू नका, पगार जाईल. कधीतरी कुणीतरी घोटभर देईलच, तेव्हा लक्ष असू द्या. तोवर फ्रेदेरिक एमिलवर सगळं शिकता येतं, हे मी मनापासून सांगते. महागडी नावं चाखलेली असली म्हणजे सोमेलिए झालो असं मानणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याकडून फक्त बाटल्यांचे फोटो मिळतात.

आता यातला एक सापळा. मी यात पुरती अडकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

एका टेबलाला क्रीम सॉसमधला ट्राउट होता आणि बाईंनी ‘कोरडी व्हाइट’ मागितली होती. मी दुसऱ्याच एका उत्पादकाची पिनो ग्री ओतली. द्राक्ष ओळखीचं, प्रदेश ओळखीचा, त्रिम्बाकची पिनो ग्री कोरडी, म्हणून हीही कोरडीच असणार असं गृहीत धरलेलं. ग्लासात मध होता मध. बाईंनी शांतपणे विचारलं, “डेझर्ट आत्ताच आणलंत का?” शेफने पुढे काय ऐकवलं ते लिहीत नाही.

मुद्दा असा की आल्सासमध्ये द्राक्षाचं नाव तुम्हाला गोडीबद्दल काहीही सांगत नाही. तीच पिनो ग्री एकाकडे खणखणीत कोरडी असते, शेजारच्या तळघरात अर्धी गोड. ‘व्हाँदांज तार्दिव्ह’ असं छापलं असेल तर उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, बहुतेकदा गोड, एवढं तरी कळतं. साध्या बाटलीवर तेही नाही. २०२१ च्या हंगामापासून मात्र आल्सासच्या साध्या वाइनवर गोडीची पायरी छापणं सक्तीचं झालं: सेक (कोरडी), देमी-सेक (अर्धकोरडी), म्वालू (गोडसर), दू (गोड). ‘सेक’ म्हणजे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर. पण ॲसिडिटी पुरेशी असेल तर ९ ग्रॅमपर्यंतही ‘सेक’च म्हणता येतं. ‘म्वालू’ थेट ४५ ग्रॅमपर्यंत जातं. म्हणजे एकाच शब्दाखाली किती मोठा पल्ला आहे बघा. आणि रेस्टॉरंटच्या तळघरात २०२१ च्या आधीच्या बाटल्या ढिगाने पडलेल्या असतात, त्यांच्यावर बहुधा यातलं काहीच नसतं.

अल्कोहोलच्या आकड्यावरून गोडी ओळखता येते असं सांगणारे महाभाग भेटतील. जर्मन वाइनला तो अंदाज बऱ्यापैकी लागू पडतो. आल्सासमध्ये १४ टक्क्यांची वाइनही गोड असू शकते, कारण द्राक्षातच तेवढी साखर असते. नाकावरही विसंबू नका. गेवुर्त्समधून लिची आणि गुलाबाचा वास आला की मेंदू आधीच ‘गोड’ म्हणून मोकळा होतो, वाइन कोरडी असली तरी. यावर घरी करण्यासारखा एक सराव आहे. वजनकाट्यावर साखर मोजून एकेक लिटर पाण्यात ४, ९ आणि २० ग्रॅम विरघळवा. नाक चिमटीत धरून तिन्ही चाखा. मग त्याच पाण्यांत थोडं थोडं लिंबू पिळून परत चाखा. ९ ग्रॅमची गोडी लिंबाखाली जवळजवळ गायब होते आणि उरतो तो फक्त जिभेवरचा थोडासा गुळगुळीतपणा. रीसलिंगमध्ये नेमका तोच शोधायचा असतो. कंटाळवाणा सराव आहे, पण कुठल्याही महागड्या मास्टरक्लासपेक्षा याने मला जास्त शिकवलं.

आणि साखर फक्त वाइनमध्येच असते असं नाही, ताटातही असते. ताटातली गोडी कोरड्या वाइनला आंबट आणि बोडकी करून टाकते. कांद्याचंच बघा. तार्त फ्लांबेवर कांदा कच्चा, पातळ चिरलेला असतो, खाली क्रीम आणि ताजं चीज, वर लार्दों, म्हणजे डुकराच्या खारट मांसाचे तुकडे. कडक भट्टीत दोन-चार मिनिटांत कडा करपतात आणि कांदा मात्र कुरकुरीतच राहतो. याला साधं रीसलिंग किंवा पिनो ब्लाँ बिनघोर द्या. आल्सासचा दुसरा कांद्याचा पदार्थ, ‘तार्त आ लोन्यों’, यात तोच कांदा मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत शिजवतात. कांदा गोड होतो, वर अंडी आणि क्रीम. इथे तेच रीसलिंग कावल्यासारखं लागतं. थोडी भरीव पिनो ग्री लागते. पदार्थाच्या नावात कांदा दोन्हीकडे आहे. तक्ता फाडा म्हणते ते यासाठी.

यातून निघणारी सवय अशी: मेन्यू हातात आला की मांस कुठलं हे नंतर बघा, आधी सॉस विचारा. सॉसमध्ये मध आहे का, गाजराची प्युरी आहे का, व्हिनेगर किती? हे सांगणारा माणूस वाइनच्या खोलीत नसतो, स्वयंपाकघरात सॉसच्या गॅसपाशी उभा असतो. नव्या मुलांना मी सांगते, मेंटॉर म्हणून इन्स्टाग्रामवरच्या बिल्लेधारी गुरूपेक्षा हा माणूस धरा. चमचाभर सॉस मागून चाखा. पहिल्यांदा तो वैतागेल, नंतर स्वतःहून हाक मारेल.

बाकीच्या जोड्या झटपट. गेवुर्त्स आणि मुन्स्तर चीज: चीजचा वास एवढा दांडगा की बाकी वाइन गप्प होतात, गेवुर्त्स तेवढंच मोठ्याने बोलतं. सोबत शहाजिऱ्याच्या जातीचे दाणे येतात, ते सोडू नका. वसंतात पांढरं ॲस्परॅगस आलं की म्युस्का द्राक्षाची कोरडी वाइन, कारण ॲस्परॅगसपुढे बऱ्याच वाइन धातूसारख्या लागतात. फ्वा ग्रा, म्हणजे बदकाचं किंवा हंसाचं चरबीदार लिव्हर, त्यासोबत गोडसर पिनो ग्री. बेकेओफेत तीन प्रकारचं मांस रात्रभर व्हाइट वाइनमध्ये मुरवून बटाट्यांसोबत शिजवतात; तिथे रीसलिंग किंवा पिनो ग्री, दोन्ही चालतात, भांडू नका.

आता तिखट. मी कोल्हापूरची, म्हणून गेवुर्त्सची बाटली माझ्यासमोर नाचवत “तुमच्या करीबरोबर हीच ना?” असं विचारणारे मला सतत भेटतात. मसाल्याचा वास आणि मिरचीची आग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेलची, लवंग, आलं यांच्याशी गेवुर्त्सचं जमतं. मिरचीशी नाही, कारण त्यात अल्कोहोल जास्त आणि अल्कोहोल आग वाढवतं. तांबड्या रश्शाबरोबर मी कुठलीच वाइन देणार नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका. पांढरा रस्सा मात्र इथे घरी करून बघितला, नारळाचं दूध, काजू, खसखस आणि मटणाचा अर्क, आणि कोरड्या पिनो ग्रीबरोबर तो असा काही लागला की फ्रेंच पाहुण्यांनी वाट्या पुसून खाल्ल्या.

शाकाहारी घरातून येणाऱ्यांना एक भीती असते: डुकराचं मांस न चाखता हे काम जमेल का? जमेल, पण सोपं आहे असं खोटं सांगणार नाही. शुक्रूतमधल्या कोबीवर, चीजवर, ॲस्परॅगसवर, मशरूमच्या सॉसवर आंबट, खारट, स्निग्ध या सगळ्यांचा हिशेब शिकता येतो. मांसाच्या ताटांसाठी सहकाऱ्यांना नेमके प्रश्न विचारायला शिका. ‘छान आहे का’ नव्हे. ‘खारट किती, चरबी किती, सॉस गोड आहे का’. पण इंटरव्ह्यूतच स्पष्ट सांगा. लपवलंत तर पहिल्या स्टाफ टेस्टिंगला उघडं पडेल आणि मग कुणी समजून घेणार नाही.

थुंकायचीही लाज सोडा. आपल्याकडे हे असभ्य वाटतं. इथे थुंकत नाही त्याच्याकडेच संशयाने बघतात. दुपारी चाखायला बसलात आणि गिळत राहिलात तर संध्याकाळच्या सर्व्हिसला तुमचा काही उपयोग नाही.

व्हिसाचं एवढंच: विद्यार्थी म्हणून फ्रान्समध्ये वर्षाला ९६४ तास काम करता येतं. ते तास वेटरच्या कामात उडवून बसू नका, थोडे सप्टेंबरच्या द्राक्षतोडणीसाठी राखा. क्रेमाँ या बुडबुड्यांच्या वाइनसाठी तोडणी हातानेच करावी लागते, त्यामुळे माणसं लागतातच. कंबर मोडते, पैसे बेताचे. पण एकाच ओळीतली रीसलिंगची द्राक्षं खायला मिळतात, सावलीतल्या घडाची आणि उन्हातल्या घडाची, आणि दोन्हींच्या साखरेतला फरक तिथेच तोंडात कळतो. फ्रेंच मात्र किमान बी-वन पातळीपर्यंत करून या. इंग्रजीवर काम भागेल असं एजंट सांगतात. टेबलावरच्या आजीबाईंना ‘सेक’ आणि ‘म्वालू’मधला फरक इंग्रजीत समजावून बघा एकदा.