भंडारदऱ्याला जाताना या चुका टाळा

भंडारदऱ्याचा बेत फसतो तो बहुधा ऋतू चुकल्यामुळे. प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवलेले पाणी म्हणजेच इथला आर्थर तलाव. त्याची पातळी पावसावर आणि धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर ठरत असल्यामुळे, छायाचित्रात पाहिलेला काठोकाठ भरलेला तलाव मे महिन्यात शोधणाऱ्याच्या वाट्याला उघडा पडलेला, भेगाळलेला काठ येतो. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉलही पाणी सोडलेले असेल तरच वाहतो, म्हणून निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून तेवढी चौकशी करावी.

सांदण दरीची चूक मात्र जिवावर बेतू शकते. साम्रद गावाजवळची ही अरुंद घळ पावसाळ्यात पाण्याचीच वाट होते, त्यामुळे त्या दिवसांत तिथे उतरूच नये. हिवाळ्यातही आतल्या डोहात गार पाण्यातून चालावे लागते, तेव्हा सुके मोजे पिशवीत बांधून न्यावेत आणि मोबाइल खिशात ठेवू नये. तलावात पोहण्याचा मोहही आवरावा, कारण काठ उथळ वाटला तरी पुढचा उतार आणि गाळ वरून दिसत नाही.

मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, काजवे पाहायला येणाऱ्यांची गर्दी होते आणि सर्वाधिक चुका याच वेळी घडतात. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर नर काजवे लुकलुकतात ते मादीला खुणावण्यासाठी. त्यावर गाडीचे दिवे किंवा मोबाइलचा फ्लॅश पडला की खूण हरवते आणि आपल्यालाही काही दिसेनासे होते. गाडी दूर लावावी, दिवे मालवावेत आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे. एवढा धीर नसेल तर खरे म्हणजे येऊच नये. झाडाखालच्या गवतात माद्या असू शकतात, त्यामुळे पायवाट सोडू नये. शनिवार-रविवार टाळल्यास निम्मी अडचण मिटते.

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरात पावसाळ्यात पिंड पाण्याखाली असते. दर्शन झाले नाही म्हणून लगेच माघारी फिरू नये. बाहेरच्या भिंतींवरचे कोरीवकाम त्याच दिवसांत, भिजून काळ्या झालेल्या दगडावर, अधिक उठून दिसते.