जुनी सराई बघायची कशी (बऱ्हाणपूरला जाणार असाल तर)

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या वेळी खान्देशची राजधानीच होतं, त्यामुळे आम्ही भुसावळवाले तिथं परक्यासारखं जात नाही, गाडीत बसायचं अन मावा जिलेबी खाऊन परत. पण जहांगीरच्या काळात मोगल सरदार अब्दुल रहीम खानखानानं बांधलेली अकबरी सराई (म्हणजे व्यापारी-वाटसरूंच्या मुक्कामाची जागा) आहे ना, तिथं दोन सेल्फी काढून निघू नका भो.

आधी दरवाजाखाली थांबून वर बघा. एवढी उंची माणसाला कशाला लागते, ती लादलेल्या उंटासाठी. अन रात्री हा दरवाजा बंद म्हणजे बंद. मनुची नावाच्या इटालियन प्रवाशानं मोगल सराईंबद्दल लिहून ठेवलंय की सकाळी दार उघडायच्या आधी चौकीदार ३ वेळा ओरडायचा, आपापलं सामान बघून घ्या, आणि कुणाचं काही गेलेलं असलं तर ते सापडेपर्यंत कुणालाच बाहेर सोडत नसत.

मग खोलीत शिरा, हात पसरून माप घ्या. १६१५ ला इंग्रज राजदूत थॉमस रो बऱ्हाणपूरच्या सराईत उतरला तर म्हणे खोल्या भट्टीसारख्या, वरून गोल. साहेबाला गरम झालं असेल, पण व्यापारी तिथं फक्त झोपायचा, त्याचा जीव बाहेर चौकात जनावरांपाशी अन गाठोड्यांपाशी. इथलं कापड तेव्हा इराण, तुर्कस्तान, पार पोलंडपर्यंत जायचं.

१८७० ला याच मार्गानं मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली, मग मुक्काम कोण करतो?

म्हणून कुठल्याही सराईत, धर्मशाळेत नंतर कोण येऊन बसलं ते शोधायचं, टॉर्च लागेलच. छत काळं म्हणजे खाली चूल होती, बिऱ्हाड होतं. कमान बुजवलेली असेल तर विटा बघा, पातळ विटांमधे मधेच जाड विटा अन सिमेंट दिसलं की ते काम अलीकडचं. नखानं खरवडू नका, चुना आपोआप जिथं सुटलाय तिथले थर मोजा. आमच्या गावच्या धर्मशाळेत पोपड्याखाली निळा रंग निघाला आणि त्यात काळा चौकोन, तो फळा होता, मी पहिलीला त्याच्यासमोर बसलेलो.

शेजारच्या आजीबाईंना विचारायचं तर "याचा इतिहास काय" असं विचारू नका, त्या म्हणतील मला काय माहीत बाबा. "तुम्ही लग्न होऊन आल्या तेव्हा इथं कोण राहायचं" असं विचारा, अन बसायला वेळ घेऊन जा.