ड्युअल बूटमध्ये घड्याळ साडेपाच तास मागं जात होतं, असं नीट केलं

शिरोली एमआयडीसीत आमच्या दाजींचं छोटं वर्कशॉप हाय, तिथल्या कॉम्प्युटरवर बिलिंगसाठी विंडोज आणि भाच्याच्या कॉलेजच्या प्रोग्रॅमिंगसाठी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) असं दोन्ही टाकलंय, यालाच ड्युअल बूट म्हणत्यात. चाललंय झकास, पण उबुंटू वापरून परत विंडोजला आलं की दुपारच्या चारला घड्याळ सकाळचे साडेदहा दाखवायचं आणि बिलावर तीच वेळ छापून यायची. दाजी म्हणाले मदरबोर्डचा सेल गेला असंल, म्हणून सेल बदलला, फरक शून्य.

फरक बरोब्बर ५:३० तासांचा, तिथंच खरं कारण हाय बघा. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज आपली भारतीय वेळ ठेवतं, आणि लिनक्स त्यातच यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाण वेळ ठेवतं, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असते, म्हणजे घड्याळ एकच आणि वाचणारे दोन. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायची खिडकी) 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही कमांड दिली (टाईप अर्थातच इंग्रजीत करायची: timedatectl set-local-rtc 1), मग विंडोजमध्ये वेळ एकदा सिंक केली आणि विषय संपला. उबुंटू यावर वॉर्निंग देतं ते मुख्यतः टाइमझोन बदलणाऱ्यांसाठी आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढं करणाऱ्या देशांसाठी, आपल्याकडं तसलं काही नसतंय त्यामुळं मला तरी हाच उपाय सगळ्यात सोपा वाटतो, विंडोजची रजिस्ट्री (आतल्या सेटिंगची यादी) उघडायची गरजच न्हाई.

आणि हो, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (कॉम्प्युटर पटकन चालू व्हायची सोय) पण बंद करा, न्हाईतर उबुंटूतून डी ड्राइव्हवर काही सेव्ह होत न्हाई.