फॅमिली पेन्शन आणि आयकर: आईचं रिटर्न भरायला बसण्याआधी

फॅमिली पेन्शन, म्हणजे सरकारी कागदांतलं कुटुंब निवृत्तिवेतन, करपात्र आहे. ‘सरकारच देतंय, त्यावर कर कसला?’ ही समजूत आधी सोडा. दुसरं म्हणजे या पेन्शनमधून टीडीएस (पैसे देणाऱ्यानेच आधी कापून भरलेला कर) कापला जात नाही, त्यामुळे हिशेब आपला आपणच मांडायचा असतो. इथे वडील गेले आणि पेन्शन आईला सुरू झाली असं धरून २०२५-२६ या आर्थिक वर्षाची तयारी सांगतो आहे.

वडील याच वर्षात गेले असतील तर बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट छापून घ्या आणि मृत्यूच्या तारखेवर आडवी रेघ मारा. रेघेच्या वरची पेन्शन वडिलांची. ती ‘पगार’ या सदरात, वडिलांच्याच पॅनवरच्या रिटर्नमध्ये जाते. खालची आईची. म्हणजे रिटर्न दोन होऊ शकतात. वडिलांचं रिटर्न भरायला आयकर खात्याच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी लागते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, दोघांचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा जवळ ठेवा. वारस दाखल्यासाठी चकरा सुरू करण्याआधी एक बघा: सरकारने दिलेलं फॅमिली पेन्शनचं प्रमाणपत्रही इथे पुरावा म्हणून चालतं. हे फारसं कोणी सांगत नाही. वडिलांचं पॅन मात्र रिटर्न आणि रिफंड उरकेपर्यंत रद्द करू नका.

एकरकमी आलेले पैसे वेगळ्या कागदावर लिहा. मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी), शिल्लक रजेचे पैसे, भविष्य निर्वाह निधी, विम्याचा मृत्यूदावा यांवर सरकारी कर्मचाऱ्याच्या वारसांना कर पडत नाही. त्याच पैशांची एफडी केली की व्याज मात्र करपात्र. वडिलांच्या नावच्या जुन्या ठेवीही लवकर आईच्या नावावर करून घ्या, नाहीतर त्यांच्या व्याजाचा टीडीएस वडिलांच्याच पॅनवर जमा होत राहतो आणि ते निस्तरणं जिकिरीचं असतं.

आता खरी मेख. आईची पेन्शन ‘पगार’ सदरात टाकायची नाही, ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ या सदरात टाकायची. सदर चुकलं तर पगारदारांची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट लागून जाते, आणि ती आईला मिळत नाही. नव्या करप्रणालीत तिला मिळते ती पेन्शनच्या एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांतली कमी रक्कम. जुनी करप्रणाली घेतली तर ही मर्यादा १५,०००च आहे. समजा महिना ३०,०००, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. वजावट जाऊन उरले ३,३५,०००. एफडीचं व्याज १,४०,००० धरलं तर एकूण ४,७५,०००. नव्या प्रणालीत ४ लाखांवरच्या ७५,०००वर ५ टक्क्यांनी ३,७५० रुपये कर निघतो आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला असलेल्या सवलतीत तो शून्य होतो. कर शून्य झाला तरी उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे, म्हणून रिटर्न भरावंच लागतं.

लष्कराच्या किंवा निमलष्करी दलाच्या जवानाला प्रत्यक्ष मोहिमेवरच्या कर्तव्यात मृत्यू आला असेल, तर त्याच्या कुटुंबाची पेन्शन पूर्ण करमुक्त असते. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र मिळवणाऱ्यांच्या कुटुंबांचंही तसंच. मृत्यू कोणत्या परिस्थितीत झाला हे सांगणारं दलाचं पत्र जपून ठेवा.

पेन्शन मंजूर व्हायला वेळ लागून आधीच्या वर्षाची थकबाकी या वर्षी एकदम जमा झाली असेल, तर आयकर कायद्याच्या कलम ८९ची सवलत (थकबाकी एकदम आल्याने वाढलेला कर कमी करणारी) तपासा. त्यासाठी फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी भरायचा, नंतर नाही. आई साठीच्या आतली असेल आणि वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त होणार असेल, तर आगाऊ कराच्या (वर्ष संपण्याआधीच हप्त्यांत भरायच्या कराच्या) तारखाही पाळाव्या लागतील. साठीनंतर व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर ती कटकट नाही.

शेवटचं, अगदी किरकोळ वाटणारं. आईच्या आधारला मोबाइल कुणाचा जोडलाय ते आजच बघा. पुष्कळ घरांत तो वडिलांचा असतो, आणि सिम बंद केल्यावर ओटीपी येत नाही. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, तेव्हा नंबर आधी बदलून घ्या.