ईस्टरच्या पन्नास दिवसांची वही

ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण. तिथून पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवस रोज बायबलच्या उताऱ्यावर थोडं चिंतन लिहायचं, त्याची ही वही. आधी वहीचं बोलू. शंभर पानी, साधी. पानावर तारीख टाकू नका, ‘दुसरा आठवडा, मंगळवार’ असं लिहा. ईस्टर दरवर्षी हलतो: 2024 ला 31 मार्च, 2025 ला 20 एप्रिल, 2026 ला 5 एप्रिल. पण या काळात साध्या वारांच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) जो उतारा वाचतात तो दरवर्षी तोच असतो. रविवारचं तेवढं तीन वर्षांच्या चक्रानं बदलतं. म्हणून पानाचा वरचा भाग यंदाचा, खालचा कोरा ठेवा, पुढच्या वर्षांसाठी. माझ्या वहीत एकाच पानावर वरच्या ओळी नोकरीतल्या आहेत आणि खालच्या निवृत्तीनंतरच्या. अक्षर तेच, पण प्रश्न पार वेगळे.

मध्येच सण येतात. 25 एप्रिलला संत मार्क, 3 मेला फिलिप आणि याकोब. त्या दिवशी वाचन बदलतं, तेव्हा चर्चचं कॅलेंडर एकदा बघून ठेवा.

उतारा आदल्या रात्री वाचायचा, आणि मोठ्यानं. आमच्याकडे नाशिकरोडच्या जेल रोडला रात्रीची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली की बायको वाचते आणि मी ऐकतो. ऐकताना जे कानाला अडतं ते डोळ्यांनी वाचताना निसटून जातं. लिहायचं मात्र सकाळी, ऊन चढायच्या आत. पाच-सहा ओळी पुष्कळ झाल्या.

आता मुद्द्याचं. उताऱ्यात बोध शोधू नका, वस्तू शोधा. बोध आपल्याला आधीच पाठ असतो, त्यासाठी बायबल उघडायची गरज नसते. वस्तू म्हणजे हाताला लागेल असं काहीतरी: कापड, मासा, पैसा, अंतर. पुनरुत्थानाच्या गोष्टी असल्या वस्तूंनी भरलेल्या आहेत.

पहिल्या आठवड्यातला सोमवार घ्या, मत्तय 28, म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठ्ठाविसावा अध्याय. येशूच्या रिकाम्या कबरेवरचे पहारेकरी शहरात येऊन घडलेलं सांगतात आणि मुख्य याजक त्यांना पैसे देतात: आम्ही झोपलो होतो, शिष्यांनी येऊन शरीर चोरून नेलं, असं सांगा. मी जन्मभर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासले, त्यामुळे मला तिथं आधी पैसाच दिसतो. किती पैसे? मत्तय आकडा देत नाही, पुष्कळ दिले एवढंच म्हणतो. येशूला धरून देणाऱ्या यहूदाला मात्र मोजून चांदीचे तीस रुपये दिल्याचं तो लिहितो. धरून द्यायचा भाव ठरलेला होता. तोंड बंद ठेवायला किती लागले याचा हिशोबच नाही. एवढं लिहिलं आणि मी पेन ठेवलं. त्याखाली ‘आपणही असत्यापासून दूर राहिलं पाहिजे’ असं जोडलं असतं तर सगळं वाया गेलं असतं. ‘आपणही’ आणि ‘आपण सर्वांनी’ हे दोन शब्द वहीत येऊच देऊ नका. ते आले की समजा, तुम्ही स्वतः तिथून उठून गेलात.

शिक्षिकेला त्याच उताऱ्यात दुसरं काही दिसेल, नर्सला तिसरंच. दिसू द्या.

बुधवारी अम्माऊसची वाट: येशूच्या मरणानं खचलेले दोन शिष्य यरुशलेमहून त्या गावी चाललेत आणि वाटेत तो त्यांना ओळख न देता भेटतो. लूक अंतर देतो, साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. आमच्या स्टेशनपासून पंचवटी जवळपास तेवढीच. उतारा वाचून झाला की मनात ती वाट चाला: बिटको, द्वारका, मग पुढे. कोणत्या वळणापर्यंत ते दोघं नुसते हळहळत असतील? मग ध्यानात येतं की संध्याकाळी जेवायला बसलेली ही माणसं येशूला ओळखताच उठून तेवढंच अंतर अंधारात परत गेली.

शुक्रवारी योहान 21, तिबिर्या समुद्राचा किनारा, उठलेल्या येशूनं शिष्यांसाठी मांडलेला कोळशाचा विस्तव, मासळी आणि भाकर. तोच योहान 18 उघडून शेजारी ठेवा. पेत्र या शिष्यानं येशूला नाकारलं तेव्हाही तो कोळशाच्या विस्तवाशीच शेकत उभा होता. बाकी काही लिहायची गरज नाही.

दुसऱ्या आठवड्यात रात्री येशूला भेटायला येणारा निकदेम येतो, ते सोपं जातं. तिसऱ्यात योहानाचा सहावा अध्याय जवळजवळ आठवडाभर चालतो, भाकरीबद्दलचं लांबच लांब बोलणं. इथं बरेच जण वही सोडतात. यातून निभावायचं तर रोज एकच वाक्य घ्यायचं आणि बाकीचं निःसंकोच सोडून द्यायचं. मला अध्यायाच्या शेवटी जे शिष्य येशूला सोडून जातात तेच जास्त आठवतात. ते खोटं बोलत नाहीत: हे बोलणं कठीण आहे, म्हणतात, आणि जातात.

पाचव्या आठवड्यातला बुधवार मात्र नाशिककरांनी चुकवू नये. योहान 15: मी खरा द्राक्षवेल, माझा पिता माळी. माझ्या साडूची दिंडोरीकडे बाग आहे, त्यामुळे हा उतारा मी घरात बसून लिहीत नाही. येशूच्या देशात वेल हिवाळ्यात पानं गाळतो, मुख्य छाटणी तेव्हाच होते. आपल्याकडे दोन छाटण्या, ऑक्टोबरची फळछाटणी आणि एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी. खरड छाटणीत काडी एक-दोन डोळ्यांवर, म्हणजे कोंबांवर, आणतात, बाग बोडकी होते. मग भराभर फुटी येतात आणि त्यांची विरळणी करावी लागते. धडधाकट फुटीसुद्धा काढतात, कारण राहिलेल्या काडीवर ऊन पडायला हवं. पुढच्या हंगामाचा घड त्याच उन्हात काडीच्या डोळ्यात आकार घेतो. बाहेरून काहीच दिसत नाही, दिसतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर.

फळ देणाऱ्या फाट्यालाही तो छाटतो, हे उताऱ्यातलं वाक्य मला ऐकायला कठोर वाटायचं. बागेत बघितलं तर विरळणी करणाऱ्या बाया आधी कोणती फूट ठेवायची ते हेरतात, हात नंतर चालतो. त्यांचं लक्ष राहणाऱ्या फुटीवर असतं. जवळ कुणाची बाग असेल तर त्या आठवड्यात सकाळी सातच्या आत जा, मजुरांशी बोला, मग लिहा. बाग नसेल तर द्राक्षांवर लिहू नका, त्याच उताऱ्यातलं दुसरं काही धरा.

सहावा आठवडा निरोपाच्या बोलण्याचा, सातवा प्रार्थनेचा. तिथं वस्तू कमी सापडतात, दोन ओळींवर भागवा. पेन्टेकॉस्टच्या आदल्या दिवशी योहानाचा शेवट येतो. पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बघतो आणि विचारतो, याचं काय? येशू म्हणतो, तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये. फोनवर रोज सकाळी दहा जणांची चिंतनं येतात, फादरांचंही येतं. ती जरूर वाचा, पण आपल्या पाच ओळी लिहून झाल्यावर.