डोंगर दिसतो, पण जाता येतं का?

गॅलरीत उभं राहिलं की समोर आख्खा डोंगर. एजंटने दार उघडून आम्हाला आधी तिथेच नेलं, बाकीच्या खोल्या नंतर दाखवल्या. मी त्या डोंगरावर भाळले आणि त्याच संध्याकाळी होकार कळवला. त्या घरात आम्ही सव्वादोन वर्षं राहिलो आणि डोंगरावर मोजून सहा वेळा गेलो. घर आणि डोंगर यांच्या मधोमध सहा पदरी रस्ता होता आणि पादचारी पूल दीड किलोमीटर उत्तरेला. म्हणजे सरळ रेषेत ८०० मीटर आणि पायी पाऊण तास. मग गाडी काढायची. आणि गाडी काढायची म्हटलं की रविवार उजाडावा लागतो.

तेव्हा उपनगरात घर बघताना ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ वगैरे वाचलंत तर एकच विचारा: मंगळवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर, चपला बदलून निघालो, तर पायवाटेला पहिलं पाऊल किती मिनिटांत लागेल? माझ्या हिशेबाने दहा मिनिटांच्या आत असेल तर रोज जाणं होतं. वीस झाली की आठवड्यातून एकदा. त्यापुढे पाहुणे आले की. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो रविवारच्या एका ट्रेकमध्ये उरकायचा तर गुडघ्यांना आधी विचारून घ्यावं.

घर बघायला निघण्याआधी एक कागद घ्या. घरातला प्रत्येक जण गेल्या तीन महिन्यांत बाहेर पडून खरोखर काय करत होता, ते लिहा. काय करायचं मनात आहे, ते नको. आमच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘चालणे’, लेकीपुढे ‘सायकल’ आणि नवऱ्यापुढे बराच वेळ काहीच नव्हतं. त्याच्या यादीत कयाकिंग येणार होतं, ते मी खोडलं. कयाकसाठी तळं शोधत बसलो असतो तर लेकीच्या सायकलचा रस्ता हातचा गेला असता. (तळ्याचा विषय अजून अधूनमधून निघतो.)

मग नकाशा. मोबाइलवरचे नेहमीचे नकाशे गाडीवाल्यांसाठी चांगले, पण पायवाटा आणि छोटे बोळ पुष्कळदा ओपनस्ट्रीटमॅपवर जास्त सापडतात, कारण तो २००४ पासून लोकांनीच भरत आणलेला नकाशा आहे. घराभोवती गोल आखून ‘एवढ्यात बाग आहे’ म्हणू नका. उपनगरांत बंद टोकाच्या गल्ल्या फार. बागेची भिंत घराच्या मागेच असते आणि फाटक पार पलीकडच्या अंगाला. बोट ठेवून वळणावळणाने रस्ता काढा. सेसिल कोनाइनेंडाइक या नागरी वनांच्या अभ्यासकाने २०२१ मध्ये एक सुटसुटीत नियम मांडला: घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी आणि हिरवी जागा ३०० मीटरच्या आत असावी. ३०० मीटर म्हणजे चार मिनिटांची चाल. मला त्यातलं शेवटचं मोलाचं वाटतं, पण ते अंतर पायांनी मोजलं तरच.

चढ असेल तर आणखी एक गणित. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरतात: साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १०० मीटर उंची चढायला दहा मिनिटं जास्त धरायची. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दाट दिसल्या की समजायचं, अंतर फसवं आहे. सायकलवाल्यांनी तर घर उंचावर आहे की खाली, हे आधी पाहावं. दोन किलोमीटरमध्ये १०० मीटर चढ म्हणजे सरासरी पाच टक्के. जाताना मजा, येताना लेक सायकल हातात धरून, तोंड फुगवून चालत येते.

आता प्रत्यक्ष जायचं. एजंटला न सांगता, कामाच्या दिवशी. दुसऱ्या घराच्या वेळी मी इमारतीच्या दारात उभी राहून मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं आणि निघाले. सिग्नलला ७० सेकंद. पुढे फुटपाथ संपला, तिथे रस्त्यावरून चालावं लागलं, साधारण ४० पावलं. मग गल्लीच्या टोकाला दोन घरांच्या मधून जेमतेम एक सायकल जाईल एवढा बोळ, आणि त्यापलीकडे कालव्याची वाट. सहा मिनिटं दहा सेकंद. बोळातल्या गवतात मधोमध मातीचा गुळगुळीत पट्टा पडला होता. तो पट्टा पाहून मी निम्मं ठरवूनच टाकलं. तेवढं गवत मरायला रोज पाय पडावे लागतात.

तिथेच अर्धा तास बसा आणि येणारी-जाणारी माणसं बघा. एकटी बाई चालताना दिसते का? मुलं मोठ्यांशिवाय सायकलवर आहेत का? काठी टेकत कोणी आलंय का? हे तिघे दिसले तर दिव्यांची, खड्ड्यांची, भटक्या कुत्र्यांची वेगळी चौकशी फारशी करावी लागत नाही. फक्त तरुण धावपटूच दिसले, तर वाट चांगली असेल पण सगळ्या घराची नाही. दिवस मावळल्यावर पुन्हा एक फेरी मारा. हिवाळ्यात तुम्ही घरी पोचाल तेव्हा अंधारच असणार, आणि तुमची खरी वेळ तीच.

नदी किंवा ओढ्याकाठची वाट असेल तर मान वर करून कुंपणाच्या तारांकडे आणि झाडांच्या फांद्यांकडे बघा. सुकलेल्या गवताचे पुंजके, प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतात. पाणी तिथवर चढलं होतं. पुंजके कंबरेएवढ्या उंचीवर असतील, तर वर्षातले काही आठवडे ती वाट नाहीच असं धरून चाला, आणि तळमजल्याचं घर असेल तर घराचाही विचार करा.

मोकळं मैदान दिसलं की हुरळून जाऊ नका. माझी एक मैत्रीण मैदानासमोर राहायला गेली; दीड वर्षाने समोर पत्रे लागले आणि आता तिच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. मोकळी जागा आणि बाग यात कागदाचा फरक असतो. विकास आराखड्यात त्या तुकड्यावर काय आरक्षण आहे, ते स्वतः जाऊन पाहा. शेजारी सांगतात त्यावर जाऊ नका, त्यांनाही कोणीतरी सांगितलेलंच असतं.

आणि हो, अगदी वाटेच्या तोंडाशी घर घेऊ नका. नावाजलेल्या टेकडीच्या पायथ्याशी सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून गाड्या लागतात, दारं आपटतात, फाटकासमोर कोणीतरी हटकून गाडी लावतं. दोन गल्ल्या आत असलं की बरं.

एवढं सगळं करून आम्ही कालव्याजवळचं घर घेतलं, आणि एक गोष्ट विचारायची राहूनच गेली. आवाराला मागचं फाटक होतं, त्यातून दोन मिनिटं वाचत. ते रात्री आठला बंद व्हायचं आणि सकाळी सातला उघडायचं. माझ्या फिरायच्या दोन्ही वेळा नेमक्या त्यात अडकल्या. चार महिने मी पुढून वळसा घालत होते. मग कळलं, किल्ली तळमजल्यावरच्या एका निवृत्त आजोबांकडे असते. ते स्वतः रोज पहाटे पाचला त्याच फाटकातून बाहेर पडतात आणि मागे आठवणीने कुलूप लावतात. तुम्ही सही करण्याआधी विचारून घ्या.